कोळशातली खनिजं मायक्रोस्कोपखाली कशी बघायची : पेलेटपासून मोजणीपर्यंत

हे लिहितोय ते मुख्यतः आमच्या रत्नागिरी-जयगड पट्ट्यातल्या कोळशाच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या पोरापोरींसाठी, आणि जिऑलॉजी घेऊन एमएस्सी करणाऱ्यांसाठी, ज्यांच्या कॉलेजात रिफ्लेक्टेड लाइटचा मायक्रोस्कोप कपाटात कव्हर घालून ठेवलेला आहे. कोकणात दगडी कोळशाची खाण नाही, खाली बेसाल्ट आणि वर जांभा एवढीच आपली दौलत, पण कोळसा मात्र रोज डोळ्यासमोर उतरतो, जयगडला जहाजातून, धरमतरच्या खाडीत बार्जमधून, आणि त्याचा ओलावा, राख, सल्फर, कॅलरी काढणारी माणसं इथलीच आहेत. ह्यातल्या बहुतेकांनी हजारो क्रुसिबल भट्टीत घातलेत पण तोच कोळसा पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली एकदाही बघितलेला नाही, आणि मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण एकदा बघितलं की राखेचा आकडा वाचायची पद्धतच बदलते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कोळशात राख नसते. कोळशात खनिजं असतात, चिकणमाती, क्वार्ट्झ, पायराइट, सिडेराइट, कॅल्साइट वगैरे, आणि कोळसा जाळला की चिकणमातीतलं पाणी उडतं, कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडतो, पायराइटमधला सल्फर धूर होऊन जातो आणि लोखंडाचा ऑक्साइड उरतो, मग जे काही शिल्लक राहतं त्याला आपण राख म्हणतो. म्हणून मूळ खनिज राखेपेक्षा थोडं जास्त असतं, आणि त्यासाठी जुना पार (Parr) ह्या नावाचा फॉर्म्युला आहे, राख गुणिले १.०८ अधिक सल्फर गुणिले ०.५५. हा फॉर्म्युला पुढे मोजणीत लागणार आहे, लक्षात ठेवा.

आणि दोन कोळशांची राख सारखीच ३० टक्के असली तरी एकात माती जाड पट्ट्यांत बसलेली असते, फोडली की सुटते, वॉशरीत म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यात निघते, आणि दुसऱ्यात तीच माती झाडाच्या जुन्या पेशींच्या पोकळ्यांत पाच-दहा मायक्रॉनच्या कणांनी भरलेली असते, ती कितीही फोडा आणि धुवा, निघत नाही. भारतातल्या गोंडवाना कोळशाचं दुखणं हेच आहे. भट्टीला हे दोन्ही कोळसे सारखेच. खनिज किती आहे ते भट्टी सांगते, पण ते कुठे आणि कसं बसलंय हे बघायला डोळाच लागतो.

मायक्रोस्कोप कुठला

फार महाग काही लागत नाही सुरुवातीला. इंजिनियरिंग कॉलेजात धातू बघायला जो मेटलर्जिकल मायक्रोस्कोप असतो तो चालतो, फक्त तो सरळ असावा, उलटा म्हणजे ज्यात लेन्स खालून बघते त्याच्यात तेलाचं काम नीट होत नाही, कोरडं बघायला मात्र तोही चालेल. १०, २० आणि ५० पटीचे ऑब्जेक्टिव्ह, त्यातला निदान एक ऑइल इमर्शनचा म्हणजे लेन्स आणि नमुन्यामध्ये तेलाचा थेंब टाकून बघायचा, पोलरायझर आणि अॅनालायझर हे प्रकाश एकाच दिशेत गाळणारे दोन फिल्टर, आणि जमलं तर फिरणारं स्टेज. निळ्या प्रकाशाचं फ्लुरोसन्स असेल तर उत्तमच, का ते पुढे येईल. व्हिट्रिनाइट ह्या कोळशातल्या सेंद्रिय घटकाची रिफ्लेक्टन्स, म्हणजे त्यावरून किती प्रकाश परत येतो ते, मोजायला फोटोमीटर आणि ५४६ नॅनोमीटरचा हिरवा फिल्टर लागतो पण आपला विषय खनिजं आहेत, त्याला साधा पांढरा प्रकाशच बरा, रंग कळतात.

सॅम्पल घेताना

इथेच अर्ध्या लोकांचं काम फसतं. प्रॉक्सिमेटला म्हणजे ओलावा-राख वगैरे काढायच्या टेस्टला आपण २१२ मायक्रॉनची पावडर करतो, ती मायक्रोस्कोपला उपयोगाची नाही, सगळं तुटून सुटं झालेलं असतं, मग कण कणाला कसा चिकटलाय ते दिसणार कसं. एकदा मी एका लॅबकडून सॅम्पल मागवलं, त्यांनी प्रेमाने अगदी मैद्यासारखी पावडर डबीत भरून पाठवली, पेलेट बनवला, दोन दिवस घालवले, आणि त्यातून खनिजं सुटी आहेत की अडकलेली ह्याबद्दल एक अक्षर कळलं नाही. त्यामुळे सांगून ठेवा, शेवटच्या दळणाच्या आधीचं सॅम्पल बाजूला काढा. आयएसओ ७४०४ ह्या स्टँडर्डमध्ये १ मिलिमीटरच्या आतला कोळसा घेतात, एएसटीएममध्ये ८५० मायक्रॉनच्या, आपल्याकडे आयएस ९१२७ आहे. फोडताना एकदम बारीक करू नका, थोडं फोडा, चाळा, वर राहिलं ते परत फोडा, असं करत गेलं की बारीक भुकटी कमी होते. आणि चाळणीवर शेवटी राहिलेले चिवट दाणे फेकून देऊ नका, तेच बऱ्याचदा पायराइट किंवा क्वार्ट्झवाले असतात, ते फेकले म्हणजे जे शोधायला बसलात तेच कचऱ्यात गेलं.

मग ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन घ्या, परत ढीग, असं करत १५-२० ग्रॅमवर आणा, रिफल म्हणजे सॅम्पल सारखं वाटणारी पेटी असेल तर त्यातून काढा. वाळवायचं ते सावलीत नाहीतर ओव्हनमध्ये ४० डिग्रीच्या आत. अंगणात उन्हात पसरून ठेवू नका, एक तर तडे जातात, आणि आपल्याकडे खारा वारा आहे, उघड्यावर ठेवलेल्या कोळशावर मीठ येऊन बसतं आणि मग तुम्ही समुद्राचं मीठ कोळशाचं म्हणून लिहाल. फोडताना तोंडाला मास्क लावा, क्वार्ट्झची धूळ छातीला वाईट.

पेलेट

कोळशाचा चुरा रेझिनमध्ये घट्ट करून त्याची गोल वडी करायची, तिला पेलेट म्हणतात. मोल्ड म्हणून २५-३० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा चालतो, आतून ग्रीस किंवा व्हॅसलिन पुसून. रेझिन म्हणजे एपॉक्सी, गरम न करता घट्ट होणारं, संथ सेट होणारं. आमच्याकडे मिरकरवाड्यात होड्यांच्या फायबरच्या कामाला जे रेझिन मिळतं ते पॉलिएस्टर असतं, ते स्वस्त म्हणून घ्यायचा मोह होतो, मी घेऊन बघितलंय, ते घट्ट होताना आकसतं आणि कोळशाच्या दाण्याभोवती बारीक फट राहते, पॉलिश करताना त्या फटीत पावडर अडकते आणि मग ती दाण्याच्या कडेने खनिजासारखी चमकते. पाच मिनिटांत सेट होणारं अरल्डाइटही नको, बुडबुडे राहतात.

रेझिन आणि हार्डनर वजनाने घ्या, अंदाजाने नाही, किचनमधला छोटा डिजिटल काटा पुरे. रेझिन एवढंच घ्यायचं की चुरा जेमतेम भिजेल, जास्त झालं तर जड दाणे तळाला आणि हलके वर असं वेगळं होतं, आणि खनिजं तर जडच असतात, पायराइटची घनता ५ च्या आसपास आणि कोळशाची १.३ ते १.५, म्हणजे विचार करा, पातळ मिश्रणात पायराइट सगळं तळाशी जाऊन बसेल आणि तळ पॉलिश केलात तर आकडा फुगेल, वरची बाजू केलीत तर दिसणारच नाही. त्यामुळे मिश्रण थोडं घट्टच, इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, आणि शंका आली तर वडी उभी कापून कापलेली बाजू पॉलिश करा, मग तळ-माथा दोन्ही दिसतात. व्हॅक्यूम पंप आणि डेसिकेटर म्हणजे हवाबंद झाकणाचं काचेचं भांडं असेल तर ओतल्यावर दहा मिनिटं हवा ओढून घ्या, बुडबुडे जातात आणि रेझिन भेगांत शिरतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच इतकी ओली असते की हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन वर चिकट थर धरतं, वडी दोन दिवसांनीही बोटाला चिकटते. मी एक जुना लाकडी पेटारा घेतलाय, त्यात निळी सिलिका जेल आणि एक छोटा बल्ब, आतलं तापमान ३५ च्या आसपास राहतं, त्यात रात्रभर ठेवलं की सकाळी वडी खणखणीत. मायक्रोस्कोपच्या लेन्सही पावसात ह्याच पेटाऱ्यात असतात, नाहीतर बुरशी धरलीच म्हणून समजा.

पॉलिश

ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळा खेळ इथेच आहे. आधी वॉटर पेपर, ४००, ६००, ८००, १२००, सपाट काचेवर ठेवून. प्रत्येक नंबर बदलला की वडी ९० अंशात फिरवायची आणि आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेले की मगच पुढे, आणि मध्ये प्रत्येक वेळी वडी आणि हात दोन्ही धुवायचे, ४०० चा एक कण जरी १२०० वर आला तरी सगळं परत. मग कापडावर अॅल्युमिना, १ मायक्रॉन, ०.३ आणि शेवटी ०.०५. कापड मखमली किंवा केसाळ नको, त्याने मऊ कोळसा झिजून खाली जातो आणि कडक खनिज डोंगरासारखं वर राहतं, थोडा चढउतार उपयोगी असतो पण फार झाला तर कडा काळ्या पडतात. सिल्कचं कापड घट्ट ताणून लावलेलं मला सगळ्यात चांगलं वाटतं.

आता पाणी. चिकणमाती पाणी पिते, फुगते आणि निघून येते. मागे एका गोंडवाना कोळशाचा पेलेट मी भरपूर पाण्यात छान वेळ देऊन पॉलिश केला, आरशासारखा दिसत होता, मोजणी केली तर खनिज ८ टक्के. राख होती ३० आणि सल्फर अर्धा टक्का. पार फॉर्म्युला लावा, १.०८ गुणिले ३० म्हणजे ३२.४, त्यात सल्फरचे ०.२७५, म्हणजे वजनाने खनिज ३२.७ टक्के. पण मायक्रोस्कोपखाली आपण वजन मोजत नाही, क्षेत्रफळ म्हणजे पर्यायाने आकारमान मोजतो, आणि खनिज जड असतं म्हणून कमी जागा व्यापतं. खनिजाची घनता २.८ आणि कोळशाची १.३५ धरली तर ३२.७ भागिले २.८ म्हणजे ११.७, उरलेले ६७.३ भागिले १.३५ म्हणजे ४९.९, आणि ११.७ हे ह्या दोन्हींच्या बेरजेच्या १९ टक्के. म्हणजे मला दिसायला हवं होतं १९ आणि दिसलं ८. उरलेलं ११ गेलं कुठे? बरंचसं गटारात, पॉलिशच्या पाण्याबरोबर, त्या जागी बारीक खड्डे झाले होते आणि मी ते रेझिनचे बुडबुडे समजून सोडून दिले होते. आणि थोडं समोरच होतं पण मला दिसत नव्हतं, त्याचं कारण पुढच्या भागात.

तेव्हापासून मातीवाल्या कोळशाला शेवटचे दोन टप्पे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये करतो, धुण्याच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये पाच-सहा सेकंदांवर ठेवत नाही, आणि पहिल्या घासण्यानंतर वर परत पातळ रेझिनचा हात देऊन व्हॅक्यूममध्ये ठेवतो, उघड्या पडलेल्या भेगा आणि माती त्यात धरली जाते. मीठ किंवा सल्फेट शोधायचं असेल तर पाण्याचा थेंबसुद्धा नको, ते विरघळूनच जातं. खड्डा आणि माती ओळखायची खूण म्हणजे फोकस, खड्ड्याचा तळ बघायला फोकस खाली न्यावा लागतो आणि कडा धारदार असतात, माती पृष्ठभागावरच असते, दाणेदार, करडी-तपकिरी.

आधी कोरडं बघा, तेल नंतर

कोळशाच्या मायक्रोस्कोपीत सगळे शिकवतात की तेलाचा थेंब टाका आणि ५० पटीने बघा. मॅसरलसाठी ते बरोबर आहे. मॅसरल म्हणजे कोळशाचे सेंद्रिय घटक, व्हिट्रिनाइट, लिप्टिनाइट, इनर्टिनाइट, हा शब्द मेरी स्टोप्स ह्या बाईंनी १९३५ मध्ये दिला, खडकात जशी मिनरल तशी कोळशात मॅसरल. पण मिनरलसाठी मी उलट सांगेन, आधी २० पटीच्या कोरड्या लेन्सने पूर्ण पेलेट फिरून या.

कारण साधं आहे. पृष्ठभागावरून किती प्रकाश परत येतो ते पदार्थ आणि त्याच्या वरचं माध्यम ह्यांच्या रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्समधल्या फरकावर असतं. शाळेत ग्लिसरीनमध्ये बोरोसिलची काचकांडी बुडवून गायब करायचा प्रयोग केला असेल, तेच इथे होतं. इमर्शन ऑइलचा इंडेक्स १.५१८ आणि क्वार्ट्झचा १.५५ च्या जवळ. हवेत क्वार्ट्झवरून साडेचार टक्के प्रकाश परत येतो आणि तेलात शेकडा ०.०१. म्हणजे काहीच नाही, काळा. शेजारचा व्हिट्रिनाइट तेलात अर्धा टक्का देतो, म्हणून तो करडा दिसतो, आणि क्वार्ट्झ, माती, कॅल्साइट सगळे काळ्या रेझिनमध्ये मिसळून जातात. माझ्या त्या पेलेटमध्ये क्वार्ट्झचे दाणे समोर बसलेले होते आणि मी त्यांना रेझिन म्हणून मोजणीतून वगळत होतो.

हवेत बघितलं तरी एक अडचण राहते, एपॉक्सीचा इंडेक्सही क्वार्ट्झच्या जवळपासच असतो त्यामुळे सुट्या दाण्याचा करडेपणा रेझिनसारखाच वाटतो. तिथे दोन युक्त्या आहेत. एक म्हणजे कडकपणा. क्वार्ट्झ मोहच्या मापात ७, तो पॉलिशमध्ये वर राहतो. दाण्याच्या कडेवर फोकस करा आणि लेन्स व पेलेटमधलं अंतर अगदी किंचित वाढवा, कडेला एक उजळ रेष दिसेल, ती मऊ पदार्थाच्या दिशेने सरकते. दाण्यापासून बाहेर रेझिनकडे सरकली तर दाणा कडक आहे. हे पाच-दहा वेळा करून बघा, हाताला सवय झाली की पुस्तक लागत नाही. दुसरी युक्ती म्हणजे पोलरायझर-अॅनालायझर आडवे म्हणजे एकमेकांना काटकोनात लावायचे, क्वार्ट्झ पारदर्शक असल्यामुळे प्रकाश आत जाऊन आतल्या भेगांवरून परत येतो आणि दाणा आतून उजळतो, खोबरेल तेलाच्या बाटलीमागे दिवा ठेवल्यासारखा.

कार्बोनेट ओळखायला स्टेज फिरवा. कॅल्साइट, सिडेराइट ह्यांचे इंडेक्स दिशेप्रमाणे बदलतात, त्यामुळे एका पोलरायझरखाली फिरवताना दाणा उजळतो आणि मंद होतो, कॅल्साइट हवेत साधारण ४ ते ६ टक्क्यांत, सिडेराइट ६ ते ९ टक्क्यांत, अर्थात काप कुठल्या दिशेने गेलाय त्यावर आहे. सिडेराइट बऱ्याचदा गोल गाठींत येतो, आडव्या पोलरायझरखाली त्या गोळ्यात काळी फुली दिसते आणि फिरवलं तरी फुली जागेवरच राहते. गोंडवाना कोळशात ह्या गाठी भरपूर भेटतात. कॅल्साइट जास्त करून भेगांत, पांढऱ्या धाग्यासारखा, म्हणजे तो कोळसा झाल्यावर नंतर पाण्यातून आलेला, आणि भेगेतलं खनिज फोडल्यावर सहज सुटतं.

पायराइट

ह्याला ओळखायला काही कष्ट नाहीत, हवेत ५० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत देतो, पिवळसर पांढरा, अंधाऱ्या माळरानावर कुणी बॅटरी लावल्यासारखा. गोंधळ होतो तो फ्युझिनाइट ह्या इनर्टिनाइटच्या प्रकाराशी, तोही पांढरा आणि वर आलेला असतो पण त्याला पेशींची जाळी असते आणि तेलात पायराइटच्या पासंगालाही पुरत नाही. पायराइट आडव्या पोलरायझरखाली अंधारतो, फिरवला तरी बदलत नाही. त्याच रासायनिक सूत्राचा मार्कासाइट मात्र फिरवताना निळा-हिरवा-पिवळसर रंग बदलतो. दोघांचा फरक लिहून ठेवा कारण मार्कासाइट हवेत लवकर खराब होतो.

पायराइटचं एक रूप आहे ते मला अजूनही बघितलं की थांबावंसं वाटतं. फ्रॅम्बॉइड म्हणतात, फ्रेंचमध्ये रासबेरी त्यावरून, आपण तुती म्हणू. ५० पटीच्या तेलाच्या लेन्सखाली व्हिट्रिनाइटच्या करड्या पट्टीत एक दहा-पंधरा मायक्रॉनचा गोळा, आणि फोकस अगदी नीट केला की तो गोळा एकसंध नाही हे कळतं, मायक्रॉनभर किंवा त्याहून लहान असे शेकडो एकसारखे स्फटिक शेजारी शेजारी रचलेले, प्रत्येकाचा वेगळा चमकणारा ठिपका, मध्ये काळ्या फटी, पिकलेल्या तुतीसारखंच. हे दलदलीच्या चिखलातच तयार झालेले, झाडं कुजत असताना, सल्फेट खाणाऱ्या बॅक्टेरियांनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडमधून. समुद्राचं पाणी आलं की सल्फेट जास्त, म्हणून खाडीकाठच्या दलदलीतून बनलेल्या कोळशात असले गोळे जास्त सापडतात. आपल्या खाडीतल्या कांदळवनात पाय घातल्यावर जो काळा चिखल निघतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो, तिथे आत्ता ह्या क्षणी हेच काम चाललेलं आहे. आणि व्यवहाराच्या बाजूने, हे गोळे इतके बारीक आणि आत रुतलेले असतात की धुऊन सल्फर कमी होईल ही आशा सोडायची, तेच पायराइट भेगेत जाड पातळीने बसलं असेल तर निघतं. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं पायराइट असं लिहू नका, तुती की पेशीत भरलेलं की भेगेतलं, हे लिहा.

माती आणि लिप्टिनाइट

पांढऱ्या प्रकाशात तेलाखाली माती गडद आणि स्पोराइनाइट म्हणजे बीजाणूंपासून बनलेला लिप्टिनाइटचा प्रकार, तोही गडद, दोन्ही पातळ लांबट पट्ट्यांत, नवख्या माणसाची हमखास चूक. निळा प्रकाश टाका, स्पोराइनाइट पिवळा पेटतो आणि माती काळीच राहते. फ्लुरोसन्स नसेल तर कडा बघा, स्पोराइनाइटची कड गुळगुळीत, मातीची फाटकी.

मोजणी

पेलेट दोन करा, दोन्हींवर मिळून निदान ५०० पॉइंट, मेकॅनिकल स्टेजवर अर्ध्या मिलिमीटरच्या पावलाने. क्रॉसहेअरखाली जे येईल ते लिहायचं, रेझिन आलं तर सोडायचं, खड्डा आला तर वेगळ्या रकान्यात टाका, मी टाकतो, खड्डे फार झाले की पॉलिश बिघडलंय हे कळतं. क्रॉसहेअरच्या बाजूला छान पायराइट दिसलं म्हणून ते घ्यायचं नाही, मोह होतो, पण नाही. ५०० पॉइंटला १९ टक्के खनिज आलं तर चूक पावणेदोन टक्के इकडे तिकडे, चालतं. पायराइट १ टक्का म्हणजे फक्त पाच पॉइंट, त्यात चूक अर्ध्याला टेकते, तेव्हा पायराइटचा आकडा मोजणीवरून ठामपणे सांगू नका, पायरिटिक सल्फरच्या केमिकल टेस्टशी ताडून बघा.

कण अडकलेत की सुटे हे कळायला आयपीसमध्ये २० छेदबिंदूंचं ग्रॅटिक्युल म्हणजे रेषा आखलेली काच टाकतात, ५० बाय ५० मायक्रॉनच्या खिडकीचं. २० पैकी चार ते बारा बिंदू मातीवर पडले, म्हणजे २० ते ६० टक्के, तर त्याला कार्बार्जिलाइट म्हणायचं, सल्फाइडला मात्र ५ टक्के म्हणजे एकच बिंदू पुरतो, तो कार्बोपायराइट, कारण तो जड असतो. वॉशरीवाल्यांना द्यायची खरी माहिती ही आहे. शेवटी पार फॉर्म्युल्याने काढलेल्या आकड्याशी आपला आकडा लावून बघायचाच, तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पेलेट परत पॉलिश.

जिथे डोळा अडतो तिथे एसईएम म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. दोन-तीन मायक्रॉनची माती केओलिनाइट की इलाइट हे साध्या प्रकाशात नाही सांगता येत. तोच पेलेट तेल नीट पुसून पाठवा, कोटिंग कार्बनचं मागा, सोन्याचं नाही, सोन्याची एक रेषा सल्फरच्या रेषेला खेटून येते आणि पायराइट बघायचं असेल तर नको ती डोकेदुखी. केओलिनाइटमध्ये अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन अणूंच्या हिशेबाने बरोबरीने, इलाइटमध्ये पोटॅशियम दिसतं, नुसतं सिलिकॉन म्हणजे क्वार्ट्झ. जाण्याआधी लाइट मायक्रोस्कोपवर फोटो काढून जागा खुणावून ठेवा, तिथे मशीनचा वेळ तासावर मोजतात, शोधत बसायला परवडत नाही.

आपल्या जांभ्याखालचा लिग्नाइट

रत्नागिरी-सिंधुदुर्गात विहीर खणताना चिऱ्याचा थर संपल्यावर कधी कधी निळसर-काळी माती आणि त्यात काळ्या लाकडासारखे तुकडे लागतात, तो लिग्नाइट, मायोसीन काळातला मानतात. जळणाला काही कामाचा नाही पण शिकायला सोन्यासारखा आहे, फुकट मिळतो. कुणाच्या विहिरीचं काम निघालं तर काकांना सांगून ठेवा, एक पिशवी भरून ठेवा म्हणून. मात्र तो उघड्यावर ठेवला की दोन दिवसांत भेगाळतो, म्हणून खणल्या खणल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा, हळूहळू वाळवा, पेलेटच्या आधी पातळ रेझिन व्हॅक्यूममध्ये मुरवा आणि पॉलिश अल्कोहोलमध्येच, पाण्यात तो स्पंजासारखा फुगतो.

आणि ठेवणीचं सांगून थांबतो. पायराइटवाले पेलेट एका पावसाळ्यात मी टेबलावरच्या उघड्या ट्रेमध्ये ठेवले होते, गणपती झाल्यावर बघितलं तर पांढरी-पिवळट पूड आलेली, चाटलं असतं तर तुरट लागलं असतं अशी, लोखंडाचं सल्फेट, आणि त्याखालचा पृष्ठभाग खाल्लेला. असं झालं तर पुसून टाकायच्या आधी फोटो काढा, पूड कुठे फुटली ते बघितलं की पायराइट आणि मार्कासाइट कुठे होतं ते कळतं, मग ६०० पासून परत घासा. आणि मुळात असं होऊ द्यायचं नसेल तर तेल पुसलेला, कोरडा केलेला पेलेट झिप पिशवीत, पिशवी सिलिका जेलच्या डब्यात, डब्यावर तारीख आणि सॅम्पल नंबर पेन्सिलने, कारण पेनाची शाई आपल्या हवेत ऑगस्टपर्यंत टिकत नाही.